घरी स्पीकर बनवताना आधी खोकं हवाबंद करा

ड्रायव्हर (म्हणजे आवाज काढणारा गोल भाग) कितीही भारी घ्या, बंद खोक्यातून हवा गळली की बास, म्हणजे खालचा जाड आवाज, गेलाच. मी १८ मिलिमीटर जाडीचं एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) वापरतो. सांध्यांना लाकडाचा गोंद, आतून बोटाने सिलिकॉन. ते पूर्ण वाळल्यावरच ड्रायव्हर बसवा. मग कोन, म्हणजे ड्रायव्हरचा हलणारा पडदा, हलकेच आत दाबून सोडा. सावकाश परत आला तर काम फत्ते, झटकन आला तर फट शोधा.

प्लस-मायनस तपासायला ड्रायव्हरच्या दोन टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस ड्रायव्हरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो. दोन्ही स्पीकर सारखेच जोडा.

लॅपटॉपवरून घुंऽऽ आवाज येतोय? चार्जर काढून बघा. आणि आवाज मोजायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या. मी एकदा घाईत भलतीकडून घेतलं आणि लॅपटॉपमधलं सगळं पुसावं लागलं.