जवळच्या नात्यात लग्न? नाही.

नागपुरात बालरोग विभागात निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर, निकामी होणे आणि रक्ताचा कर्करोग हे मला परस्परविरोधी आजार वाटत असत, कारण एकात मज्जा ओस पडते आणि दुसऱ्यात ती पेशींनी गच्च भरते. फॅन्कोनी अॅनिमिया या आनुवंशिक आजारात मात्र पहिल्यातूनच दुसरा उगवतो. डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटले, तर ते सोडवणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असल्याने रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी मरत जातात. हा दोष बहुधा आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नात त्याची शक्यता वाढते. त्या ओसाडीत सदोष गुणसूत्रांसह विभागत राहणारी एखादी पेशी तगते आणि तिची पिलावळ मायलोडिस्प्लेसिया (मज्जेत सदोष रक्तपेशी बनणे) किंवा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगापर्यंत पोहोचू शकते.

हे सगळे मला पाठ होते. तरीही भंडाऱ्याकडच्या एका मुलाच्या केस पेपरवर मी ‘जवळच्या नात्यात लग्न : नाही’ असे लिहिले, कारण आईवडिलांनी तसेच सांगितले होते. फॅन्कोनीत अनेकदा दिसणारे अंगठ्याचे व्यंग किंवा खुजेपणा त्याच्यात नव्हता, म्हणून मीही पुढे विचारले नाही. त्याच्यावर साध्या अप्लास्टिक अॅनिमियाचे (आनुवंशिक नसलेल्या मज्जा निकामी होण्याचे) उपचार सुरू झाले आणि काही महिने गुण आला नाही. मग एकदा डबा घेऊन आलेली आजी सहज म्हणाली, “सून म्हणजे माह्या भावाचीच पोरगी हाय.” मामाची मुलगी करणे आपल्याकडे रीतच असल्याने त्या घराला ते ‘जवळचे नाते’ वाटलेच नव्हते. म्हणून मुलाच्या आईला प्रश्न असा विचारा : लग्नाआधी सासूसासऱ्यांना तुम्ही काय म्हणत होता? सासूला आत्या म्हणत असल्यास फॅन्कोनी ओळखणारी गुणसूत्रे तुटण्याची चाचणी त्याच दिवशी लिहा.

मेडिकल चौकात झेरॉक्स केलेल्या नोट्समध्ये हा प्रश्न नसतो. माझ्या मते, खाटेजवळ स्टूल ओढून बसणारा एक वरिष्ठ अशा दहा गठ्ठ्यांना भारी असतो.

तरी रक्तपेशी घटलेल्या प्रत्येक मुलात कर्करोग शोधत घाबरू नका. तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घटलेली कित्येक मुले बी-१२ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनीच सुधारतात.

फॅन्कोनीच्या रुग्णाला भावंडाची मज्जा द्यायची असेल, तर मात्र दिसायला धडधाकट भावंडाचीही तीच गुणसूत्रांची चाचणी आधी करा, कारण त्यालाही तोच आजार असू शकतो. १९२७ साली गुइडो फॅन्कोनी यांनी वर्णन केलेले रुग्ण तीन सख्खे भाऊच होते. आमच्या मुलाची मोठी बहीण दाता ठरली होती, तिचा अहवाल येईपर्यंत मला झोप नव्हती. तो निर्दोष निघाला.