मोठ्या कंपनीत भरती करताय? या चुका टाळा

मुलाखतीला आलेला मुलगा घाबरलेला असतो. त्याला बोलतं करावं म्हणून पॅनेलवरचे साहेब विचारतात, ‘‘वडील काय करतात? मूळ गाव कुठलं?’’ हेतू चांगला असतो, तरी भरतीतला सगळ्यात मोठा अन्याय मला याच प्रश्नात दिसतो. उत्तरातून जात, पैसा, शहर की खेडं, सगळं कळतं आणि मग ‘मुलगा चांगल्या घरातला वाटला’ असा शेरा पडतो. समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलले, तेव्हा घरच्या पार्श्वभूमीवरून उमेदवार जोखण्याची हीच सवय त्यांना दिसली. हा प्रश्न यादीतून काढाच. बोलतं करायचंय ना? मग त्याच्या प्रोजेक्टबद्दल विचारा.

आडनाव तर त्याच्याही आधी आडवं येतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना वेगवेगळ्या आडनावांनी ४,८०८ अर्ज पाठवले. २००७ साली छापून आलेला निष्कर्ष असा : पात्रता सारखी असूनही दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी. म्हणून पहिली चाळणी लावताना नाव, फोटो, पत्ता झाकून ठेवा. सॉफ्टवेअरवर सोपवूनही सुटका नाही. अ‍ॅमेझॉनने १० वर्षांच्या जुन्या अर्जांवर शिकवलेली प्रणाली महिलांच्या अर्जांना खाली ढकलू लागली होती आणि ती गुंडाळावी लागली, हे २०१८ मध्ये उघड झालं.

दुसरी मोठी चूक मीही पॅनेलवर बसून केली आहे. आधी उमेदवार आवडतो, मग गुणांचा तक्ता त्याला जुळेल असा भरला जातो. निकष जाहिरातीआधी लिहा, सगळ्यांना तेच प्रश्न विचारा आणि आपसात चर्चा करण्याआधी प्रत्येकाने आपापले गुण लिहून द्या.

रेफरलचा, म्हणजे कंपनीतल्याच कुणी शिफारस केलेला, अर्जही त्याच चाळणीतून जाऊ द्या. पगाराचा पल्ला जाहिरातीतच छापा. ‘आत्ताचा सीटीसी’, म्हणजे सध्याचा एकूण वार्षिक पगार, विचारून त्यावर टक्के चढवले, की आधी कमी मिळालेल्याला पुढेही कमीच मिळतं.

आणि ‘कळवतो’ म्हणून सोडून देऊ नका. तारीख सांगा. नकार असेल तर कुठल्या निकषात कमी पडलं, ते एका ओळीत लिहा. ऑफर लेटर दिलेल्या फ्रेशरची रुजू होण्याची तारीख पुढे जाणार असेल, तर ते कळताक्षणी त्याला सांगा. तुमच्या भरवशावर त्याने दुसरी नोकरी नाकारलेली असते.