हॉन्टेड हाऊसमधील रांगत जाण्याचा बोगदा: या चुका टाळा

हॉन्टेड हाऊसमध्ये, म्हणजे करमणूक म्हणून घाबरवणाऱ्या भूतबंगल्यात, रांगत जाण्याचा बोगदा ठेवला की घाबरवण्याचे निम्मे काम आपोआप होते. उभा माणूस दचकला तर मागे सरकू शकतो, हात पुढे करू शकतो किंवा सरळ पळू शकतो. गुडघ्यांवर आलेल्या माणसाकडे यांपैकी काहीच उरत नाही. त्याचे दोन्ही हात जमिनीला टेकलेले असतात, मान वर करायला जागा नसते आणि मागे काय चालले आहे ते त्याला वळून पाहता येत नाही. ही असहायता हेच या टप्प्याचे बळ आहे, आणि बहुतेक चुका ते बळ आणखी वाढवण्याच्या हौसेतून होतात. बोगदा लांब केला जातो, अरुंद केला जातो, धुराने भरला जातो, आत कलाकार बसवला जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की इथे भर घालण्यापेक्षा आवर घालण्याची गरज जास्त असते: आपण अडकलो आहोत असे प्रेक्षकाला वाटले पाहिजे, मात्र प्रत्यक्षात कोणीही अडकता कामा नये.

लांबी, मापे आणि तुंबणारी रांग

पहिली तक्रार हमखास येते ती रांग तुंबण्याची, आणि तिचे कारण साध्या गणितात सापडते. दर 30 सेकंदांनी सहा जणांचा गट आत सोडला, तर तासाला 720 माणसे पुढे जायला हवीत. पण अंधारात रांगणारा माणूस बोगद्यातून सरासरी आठ सेकंदांनी एक या गतीने बाहेर पडत असेल, तर तासाला 450 च माणसे पार होतात. एका गटाला 48 सेकंद लागतात आणि पुढचा गट 30 सेकंदांतच येऊन ठेपतो, म्हणजे प्रत्येक गटामागे 18 सेकंदांची थकबाकी साचत जाते. दहा गटांनंतर ती तीन मिनिटांची होते. मागच्या दालनात माणसे कोंडतात, तिथल्या कलाकाराला एकाच गटासमोर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि भीतीचा पार विचका होतो. म्हणून गट किती वेळाने सोडायचे हे प्रवेशद्वारावरच्या गर्दीवरून न ठरवता बोगद्याच्या वेगावरून ठरवावे, कारण संपूर्ण मार्गात तोच सर्वांत संथ टप्पा असतो. हा वेग मोजताना आपल्या चपळ सहकाऱ्यांना आत सोडू नये; जागा अनोळखी असलेली, वेगवेगळ्या वयांची आणि अंगकाठीची माणसे सोडून घड्याळ लावावे.

लांबीचा मोह तर अगदीच अनाठायी आहे. तीन-चार मीटरचा बोगदा मध्ये एका वळणाने मोडला, तर शेवट दिसत नाही आणि तो आहे त्याहून कितीतरी लांब वाटतो. शिवाय पुढचा गट कशाला किंचाळला हे मागच्यांना आधी दिसत नाही. उंचीच्या बाबतीत लक्षात घ्यावे की हातांवर आणि गुडघ्यांवर असलेल्या प्रौढ माणसाची डोक्यासह उंची साधारण 70 ते 80 सेंटिमीटर भरते, आणि दचकल्यावर डोके त्याहून वर जाते. त्यामुळे छत निदान एक मीटरवर असावे, रुंदी 90 सेंटिमीटरच्या खाली नेऊ नये आणि छताला आतून आडवी लाकडी पट्टी मुळीच ठेवू नये. छत जास्त खाली आल्यासारखे भासवायचे असेल, तर अग्निरोधक कापडाच्या पट्ट्या वरून सोडाव्यात. मानेला काहीतरी लागले की माणूस आपोआप आणखी वाकतो, आणि कपाळमोक्ष मात्र होत नाही.

समोरून घाबरवू नका

ही चूक सर्वांत महागात पडते. बोगद्यात समोरून कोणी अंगावर आले, तर रांगणारा माणूस क्षणात मागे सरकतो आणि त्याची टाच मागच्या माणसाच्या तोंडावर बसते. मागचाही तसाच मागे रेटतो, आणि तिसऱ्याला तर काय झाले हेदेखील कळत नाही. बोगद्यात बसवलेला कलाकारही सुरक्षित नसतो, कारण घाबरलेल्या माणसाचा पाय किंवा कोपर त्याला चुकवता येत नाही आणि त्यालाही पळायला जागा नसते.

त्यापेक्षा भिंतीत, खांद्याच्या उंचीवर, मजबूत जाळी लावलेली लहान खिडकी ठेवावी आणि कलाकार पलीकडच्या मार्गिकेत उभा करावा. बाजूने आलेल्या भीतीने माणूस पुढे पळतो, आणि आपल्याला नेमके तेच हवे असते. भिंतीवर नखे ओढल्याचा आवाज, हवेचा हलका झोत, छतावरून कोणी चालत गेल्याचा थडथडाट एवढे पुरेसे असते. बोगद्यातून बाहेर पडण्याच्या तोंडाशी, माणूस अर्धवट उठत असताना, त्याला घाबरवण्याचा मोहही आवरावा, कारण तो ताडकन उभा राहतो आणि चौकटीवर डोके आपटून घेतो. त्याला दोन पावले टाकू द्यावीत आणि मग हवे ते करावे. पळवून लावणाऱ्या प्रसंगानंतर लगेच बोगदा ठेवणेही तितकेच चूक आहे. धावत आलेला माणूस गुडघ्यांवर बसत नाही, तो कोसळतो.

गुडघ्यांखाली काय आहे

उभ्या माणसाला बूट सांभाळतात. रांगणाऱ्याच्या बाबतीत तळहात आणि गुडघेच जमिनीला लागतात, म्हणून ही जमीन इतर दालनांच्या मापाने तपासून चालत नाही. उघडे प्लायवूड, सुटलेली स्टेपलची पिन, बाहेरून मारलेल्या स्क्रूचे आत आलेले टोक, दोन फळ्यांमधली करंगळीएवढी फट यांपैकी प्रत्येक गोष्ट जखम करू शकते. बोगदा जोडताना गोल डोक्याचे बोल्ट आतून घालून नट बाहेरच्या बाजूला आवळावेत, म्हणजे आतल्या अंगाला टोचेल असे काही उरत नाही. मग दिवे लावून, जाड हातमोजा नव्हे तर पातळ कापडी मोजा हातावर चढवून, जमिनीपासून छतापर्यंत सगळीकडे हात फिरवावा. जिथे धागा अडकेल तिथे उद्या कातडी अडकणार आहे. ही तपासणी दररोज खेळ सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी, कारण शेकडो गुडघ्यांच्या दाबाने स्क्रू हळूहळू वर येतात.

गालिचा घालणे सोयीचे वाटते, पण तो घाम, धूळ आणि उलटी शोषून घेतो. रेक्झिनसारखे पुसता येणारे आवरण असलेली, अग्निरोधक असल्याची खात्री केलेली गादी बरी. साधा फोम मात्र बोगद्यात कोणत्याही रूपात आणू नये.

आग, धूर आणि जड हवा

11 मे 1984 रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, सिक्स फ्लॅग्स ग्रेट ॲडव्हेंचर या उद्यानातील ‘हॉन्टेड कॅसल’ला आग लागली आणि 8 किशोरवयीन मुले मरण पावली. भिंतींवर लावलेला फोम पेटला आणि आग झपाट्याने पसरली. त्या वास्तूत पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते. ती मुले चालण्याच्या मार्गात होती, रांगण्याच्या नव्हे, हे बोगदा बांधणाऱ्याने कधीही विसरू नये. अमेरिकेतील एनएफपीए 101 या सुरक्षा संहितेत आता अशा वास्तूंसाठी स्प्रिंकलर आणि धूरसूचक यंत्रणा यांची अट आहे, आणि धोक्याची सूचना मिळताच दिवे आपोआप लागून गोंधळात टाकणारे आवाज बंद व्हावेत अशीही अपेक्षा आहे. आपल्याकडचा नियम काय म्हणतो ते स्थानिक अग्निशमन विभागाकडून लेखी घ्यावेच, पण एवढी व्यवस्था नियम नसला तरी करावी.

बोगद्याच्या बाजूच्या भिंतीत दर दोन मीटरवर, आतून नुसत्या धक्क्याने उघडणारे फलक असावेत. त्यांना कडी, खिळा किंवा कुलूप नको. वेलक्रो किंवा चुंबक पुरते. आत अंधारातही दिसणारा इन्फ्रारेड कॅमेरा हवा आणि त्याच्या पडद्यासमोर दुसरे कोणतेही काम नसलेला माणूस हवा.

कृत्रिम धुक्याबाबत जास्त सावध राहावे लागते. थंड केलेले धुके जमिनीलगत राहते, म्हणजे इथे ते नेमके नाकातोंडाशी येते आणि कॅमेराही आंधळा होतो. कोरडा बर्फ तर पूर्णपणे वर्ज्य मानावा: त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, तो तळाशी साचतो आणि रांगणारा माणूस त्याच थरात श्वास घेतो.

पर्यायी वाट

गुडघेदुखी, गर्भारपण, मोठी अंगकाठी, व्हीलचेअर, बंद जागेची भीती यांपैकी कोणत्याही कारणाने माणूस रांगायला नकार देऊ शकतो, आणि त्याला कारण विचारले जाऊ नये. वळसा घालणारी वाट नसणे ही चूक आहेच, पण ती असूनही मदतनिसाने सर्वांसमोर ओरडून दाखवणे हीसुद्धा चूक आहे. बोगद्याच्या तोंडाशेजारी सहज दिसणारा काळा पडदा ठेवावा आणि त्यामागच्या वाटेवरही एखादा चांगला प्रसंग योजावा, म्हणजे ती वाट निवडणाऱ्याचा खेळ अधुरा राहत नाही. प्रवेशाच्या रांगेतच बोगद्याच्या तोंडाएवढी एक चौकट उभी केली, तर प्रत्येकाला आपला अंदाज आधीच घेता येतो. चष्मा, फोन आणि खिशातल्या वस्तू सांभाळण्याची सूचनाही तिथेच द्यावी.

हाच पडदा गर्दीच्या रात्री कामी येतो. रांग वाढू लागली, आत कोणी घाबरून थिजले किंवा एखादी फळी निखळली, तर मदतनिसाने कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता बोगद्याचे तोंड सरकत्या फलकाने बंद करावे आणि सगळ्यांना वळशाच्या वाटेने सोडावे. हा अधिकार त्याला पहिल्या दिवशीच स्पष्ट शब्दांत देऊन ठेवावा.