मायक्रोप्लास्टिकवर प्रोजेक्ट घेताय? आधी ब्लँक लावा

एमएससीच्या डिझर्टेशनसाठी मी नवी मुंबईतल्या एका एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर) चार महिने सॅम्पल घेतले, आता ज्युनिअर्स विचारतात म्हणून लिहितेय.

ऐकायला सोपं वाटतं, ५ मिमीपेक्षा लहान प्लास्टिक आत येताना किती आणि बाहेर जाताना किती, वजाबाकी केली की झालं. पण माझा पहिल्या महिन्याचा सगळा डेटा टाकून द्यावा लागला. मायक्रोस्कोपखाली निळे धागे दिसायचे, ट्रीट केलेल्या पाण्यातसुद्धा, मला वाटलं प्लांट काही काढतच नाहीये. मग मॅडमनी नुसतं डिस्टिल्ड वॉटर त्याच पद्धतीने फिल्टर करायला लावलं (यालाच ब्लँक म्हणतात) तर त्यातही तेच धागे! माझ्या पॉलिएस्टरच्या ओढणीचे होते ते. खूप रडू आलं होतं तेव्हा. त्यानंतर कॉटनचा कोट, काचेची भांडी, प्रत्येक बॅचला ब्लँक, यात कधीच सूट घेतली नाही.

दुसरं म्हणजे मीठ. कण तरंगवून वेगळे करायला स्वस्त म्हणून सगळे मिठाचं पाणी वापरतात, पण त्याची घनता जेमतेम १.२, पॉलिथिन तरंगतं आणि पॉलिएस्टर (१.३८ च्या आसपास) तळाशी बसतं, म्हणजे कपडे धुताना सुटलेले धागे, जे सांडपाण्यात भरपूर असतात, तेच हातचे जातात. झिंक क्लोराइडचं पाणी याहून जड करता येतं, महाग आहे पण घ्या, ग्लोव्हज घालून, आणि वापरलेलं सिंकमध्ये ओतू नका प्लीज, गाळून परत वापरता येतं.

आणि स्लज, म्हणजे प्लांटमध्ये साचणारा गाळ, तोही मोजाच. ग्लासगोजवळच्या एका प्लांटचा २०१६ चा अभ्यास आहे, तिथे ९८ टक्क्यांवर कण निघाले तरी रोज साधारण साडेसहा कोटी कण नदीत जात होते. आणि जे निघाले ते काही नाहीसे होत नाहीत हो, बहुतेक गाळात बसतात आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला की कणही शेतात. नुसती टक्केवारी लिहून थांबलात तर अर्धीच गोष्ट सांगितली असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचे बरेच प्लांट एसबीआरचे आहेत, म्हणजे एकाच टाकीत बॅच-बॅचने पाणी शुद्ध करतात, बाहेर पाणी सलग येत नाही, बॅच सेटल झाली की वरचं पाणी सोडतात (हेच डिकँट). त्यामुळे पहिल्या दिवशी बाटल्या न घेताच जा, ऑपरेटर काकांना डिकँटच्या वेळा विचारून वहीत लिहून घ्या, नाहीतर ऐरोलीहून भर उन्हात जाऊन आउटलेटला नुसतं उभं राहावं लागतं.