गिनीपिगने खाणं सोडलं तर काय करायचं?

कुत्र्याने एखादं जेवण टाळलं तर फारसं बिघडत नाही. गिनीपिगचं तसं नाही. त्याचं पचन मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला राहणाऱ्या जिवाणूंवर चालतं, आणि त्या जिवाणूंना सतत तंतुमय चारा लागतो. चारा थांबला की आतडी मंदावतात, वायू साठतो, पोट दुखतं आणि पोट दुखतंय म्हणून तो आणखीच खात नाही. बारा तास तोंडाला काही लावलं नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, "उद्या बघू" म्हणायचं नाही. अंगाने जाड असलेल्यांना धोका जास्त, कारण उपासात त्यांच्या यकृतात चरबी साठू लागते.

१. खरंच खात नाही का, ते बघा

वाटीतलं गवत विस्कटलेलं दिसलं म्हणजे त्याने खाल्लं असं नाही. आवडीची एक काडी कोथिंबीर किंवा ढोबळी मिरचीची चकती तोंडाजवळ धरा. धावत येऊन हुंगतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो? मग भूक आहे, पण चावता येत नाही, आणि बहुतेक वेळा दोष दाढांचा असतो. गिनीपिगचे सगळे वीसही दात आयुष्यभर वाढतात. खालच्या दाढा आत झुकल्या की जीभ अडकते. पुढचे दात छान दिसले तरी ते काहीच सांगत नाहीत, दाढा तपासायला डॉक्टरच लागतो. उलट, कोथिंबिरीकडे बघतही नसेल तर दुखणं पोटात, मूत्राशयात, छातीत किंवा आणखी कुठे असू शकतं.

मग लेंड्या बघा. कमी, बारीक, कोरड्या किंवा टोकदार झाल्या असतील तर आत अन्न सरकत नाहीये. पिसारलेले केस, कुबड काढून बसणं, दात करकरणं ही वेदनेची लक्षणं.

२. वजन करा

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा, त्यावर एक डबा आणि डब्यात गिनीपिग. माझ्या मते गिनीपिग पाळणाऱ्याच्या घरातलं सर्वांत उपयोगी साधन हेच आहे. निरोगी असतानाही आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवलं असेल तर आज तुलना करता येते. मोठ्या गिनीपिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. पन्नासेक ग्रॅमची घट दिसली की सावध व्हा, आणि दहा टक्के गेलं, म्हणजे ९०० ग्रॅमच्या प्राण्याचं ९० ग्रॅम, तर ते गंभीर आहे. आजारपणात रोज एकाच वेळी वजन करा.

३. पोट हाताने बघा, मगच भरवायचा विचार करा

ही पायरी वगळू नका. पोट नगाऱ्यासारखं ताठ, फुगलेलं असेल, श्वास जड चालला असेल किंवा तो आडवा पडून असेल तर सिरिंजने काहीही देऊ नका. गिनीपिगला उलटी होत नाही, त्यामुळे आत अडकलेलं बाहेर येत नाही. गाडी काढा आणि निघा. बाळांचे पोटाचे थेंब स्वतःच्या मनाने देऊ नका. त्यातल्या काहींत सिमेथिकोन या वायूवरच्या औषधाबरोबर शेपू-बडीशेपेचं तेलही असतं. माणसांची वेदनाशामकंही नकोत.

कान आणि पाय गार लागत असतील तर आधी ऊब द्या. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे त्याला नको वाटलं तर सरकता येईल. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात मात्र उलटं घडतं. धापा टाकत असेल, लाळ गळत असेल तर उष्माघात समजा. ओल्या कापडाने हळूहळू गार करा, बर्फाचं पाणी नको, आणि तोही थेट डॉक्टरकडे.

४. डॉक्टर

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात गिनीपिगचा अनुभव असतोच असं नाही. आधी फोन करून "ससे, गिनीपिग बघता का?" एवढं विचारा. मुंबईत परळच्या बाई साकरबाई पेटिट रुग्णालयात किंवा शेजारच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करता येते. एकत्र राहणारा जोडीदार असेल तर त्यालाही सोबत न्या, आजारी प्राणी जरा शांत राहतो. शेवटचं कधी खाल्लं, लेंड्या किती, लघवीत रक्त आहे का, वजन किती, मादी असेल तर गाभण असण्याची शक्यता आहे का, हे कागदावर लिहून न्या.

एक गोष्ट मात्र न संकोचता विचारा: "हे अँटिबायोटिक गिनीपिगला चालतं ना?" अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी औषधं तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि प्राणी दगावू शकतो. कुत्र्यांना ती सर्रास दिली जातात, म्हणून नुसती चिठ्ठी घेऊन निघू नका. दाढांसाठी भूल द्यायची ठरली तर रात्रभर उपाशी ठेवू नका. उलटी होत नसल्याने त्या उपासाची गरजच नसते. नेमक्या सूचना डॉक्टरांकडून घ्या.

५. सिरिंजने भरवणं

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर हे काम तुमचं. आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी तयार भुकटी मिळते, ती सर्वांत बरी. नसेल तर गिनीपिगच्या पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या, दुप्पट कोमट पाण्यात भिजवून मऊ लगदा करा. दूध, बिस्किट, भात अजिबात नको.

टॉवेलात सैल गुंडाळून मांडीवर घ्या, त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकू द्या. कधीही पाठीवर उताणं झोपवू नका, अन्न श्वासनलिकेत जाईल. एक मिलीची सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, बाजूने आत सरकवा. लगदा अडकत असेल तर सिरिंजचं टोक कापा आणि कड घासून गुळगुळीत करा. पाव-अर्धा मिली सोडा, त्याने चावून गिळेपर्यंत थांबा, मग पुढचा घास. पहिल्या वेळी तो डोकं झटकेल, हनुवटी बरबटेल. घाई केली तर दोघंही थकता.

दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ८० मिली लगदा लागतो. ९०० ग्रॅमच्या प्राण्याला म्हणजे ४५ ते ७० मिली, तीन-चार तासांच्या अंतराने, रात्रीची एक पाळी धरून. पहिल्या दिवशी निम्म्याने सुरुवात करा. उरलेला लगदा पुढच्या पाळीला वापरू नका, आंबतो. हनुवटी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर त्वचा बिघडते.

माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. आजारपणात त्याची गरज वाढते. थेंब किती द्यायचे ते डॉक्टर सांगतील, पण पाण्याच्या बाटलीत टाकू नका, ते लवकर नष्ट होतं. पेरू आणि ढोबळी मिरची उपयोगी आहेतच.

६. पिंजऱ्यात

सुकं गवत भरपूर आणि हाताशी ठेवा. फवारणी न झालेल्या जागेची, धुतलेली कोवळी हराळी, कोथिंबीर यांच्या वासाने भूक चाळवते. तो आपणहून गवत चघळू लागला, लेंड्या पुन्हा मोठ्या झाल्या तरी सिरिंज लगेच बंद करू नका. पाळ्या एकेक करून कमी करा, आणि काट्यावरचा आकडा सलग काही दिवस टिकला तरच शेवटची पाळी सोडा. आकडा पुन्हा घसरला तर डॉक्टरांना फोन करा.