चार्जर गावी राहिला? मुंबईत नवीन आलेल्यांसाठी वॅटचं गणित

दर जून-जुलैत परभणी-नांदेडकडची पोरं नोकरीला मुंबईत उतरतात आणि त्यातल्या एखाद्याचा तरी मला फोन येतोच. "दादा, लॅपटॉपचा चार्जर घरीच राहिला. रूममेटचा आहे, पण त्याच्यावर वॅट वेगळे आहेत. लावू का?" पीजी, डिपॉझिट, लोकलचा पास याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. हे मात्र कुणी सांगत नाही आणि मग पोरगं पहिल्याच आठवड्यात दुकानदाराच्या भरवशावर दीड-दोन हजार घालवून बसतं.

आधी चार्जर उलटा करून लेबल वाचा. बारीक अक्षरांत इनपुट आणि आउटपुट अशा दोन ओळी असतात. इनपुटला १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असलं की आपल्या २३० वर तो चालतो, तो विषय तिथेच संपला. बघायची ती आउटपुटची ओळ. तिथे १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं काहीतरी असेल. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट निघतात, इथे ६५. त्याच १९.५ व्होल्टला २.३१ अँपिअर असेल तर ४५ वॅट, ४.६२ असेल तर ९० वॅट.

लॅपटॉपला लागणाऱ्या व्होल्टशी चार्जरचे व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत. १९ आणि १९.५ मधला अर्धा व्होल्ट बहुतेक लॅपटॉप मुकाट्याने चालवून घेतात, पण १२ किंवा १५ व्होल्टच्या यंत्राला १९ चा चार्जर लावायचा नाही, पिन कितीही नीट बसली तरी. गोल पिनच्या चार्जरवर एका छोट्या खुणेत मधल्या टोकाला अधिक आहे की उणे, तेही दाखवलेलं असतं. ती खूण तुमच्या मूळ चार्जरवर होती तशीच या चार्जरवर हवी.

जास्त वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉप जळेल, ही भीती सोडून द्या. मेसमध्ये जेवण अनलिमिटेड असलं म्हणून कुणी फुटेपर्यंत जेवत नाही, तसा लॅपटॉप त्याला लागेल तेवढाच करंट ओढतो. ४५ वॅटच्या लॅपटॉपला ९० चा चार्जर खुशाल लावा, उलट तो कमी तापेल. पीजीच्या काकू "एवढा मोठा चार्जर? बिल वाढेल" म्हणाल्या तर त्यांनाही हेच समजावा. बिल लॅपटॉप जेवढं खातो त्याचं येतं, चार्जरवर काय छापलंय त्याचं नाही. सलग पूर्ण ६५ वॅट ओढले तरी एक युनिट व्हायला पंधरा तास लागतात. काकूंचा खरा खर्च गीझरचा आहे, पण तो वाद तुम्ही घालू नका.

खरी गंमत कमी वॅटच्या चार्जरची. ६५ च्या लॅपटॉपला ४५ चा लावला तर तीनपैकी एक काहीतरी होतं. शहाणा लॅपटॉप "स्लो चार्जर" असा इशारा देतो आणि हळूहळू चार्ज होत राहतो. काही लॅपटॉप स्वतःचा वेग उतरवतात, मग एक्सेल उघडायलाही मिनिट लागतं आणि पोरं व्हायरस शोधत बसतात. आणि जुना, चार्जर-लॅपटॉपचं आपसात बोलणंच नसलेला मामला असेल तर चार्जर क्षमतेबाहेर ओढला जातो, चटका बसेल इतका तापतो आणि मध्येच बंद पडतो. असा तापणारा चार्जर गादीवर, उशीखाली ठेवून झोपू नका. कॉट बेसिसच्या, म्हणजे एकेक खाट भाड्याने दिलेल्या खोल्यांत हे सर्रास दिसतं.

चार दिवस कमी वॅटवर भागवायचंच असेल तर रात्री लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जिंगला लावा. बंद असताना सगळे वॅट बॅटरीलाच मिळतात. दिवसा ब्राइटनेस उतरवा, बाहेरचा मॉनिटर जोडू नका. मीटिंग आणि जड काम एकदम चाललं असेल तर वायर लावलेली असूनही बॅटरी उतरताना दिसेल. तो बिघाड नाही, खर्च आवकेपेक्षा जास्त आहे इतकंच. हळू चार्जिंगने बॅटरीला काही होत नाही. गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी मात्र हा नाद सोडावा. १८०-२४० वॅटच्या यंत्राला ६५ चा चार्जर म्हणजे नुसतं मेल वाचण्यापुरतं.

आकडे जुळूनही चार्ज होत नाही, असंही होतं. डेलच्या गोल पिनीत मध्ये एक बारीक सुई असते. तिच्यातून चार्जर लॅपटॉपला "मी इतक्या वॅटचा" असं कळवतो. ती वाकली, किंवा स्वस्त कॉपीत आतली चिपच नसली, तर लॅपटॉप सुरू होतो पण बॅटरी भरत नाही आणि सगळं रखडत चालतं. एचपीच्या पिनीतही असा ओळख पटवणारा भाग असतो, लेनोवोच्या पिवळ्या चौकोनी पिनीतही. पिनीवर फक्त कन्व्हर्टर चढवून दुसऱ्या कंपनीचा चार्जर लावला की अडतं ते इथेच.

टाइप-सी आल्यापासून जगणं सोपं झालंय, पण अर्धंच. टाइप-सीच्या पीडी (पॉवर डिलिव्हरी) पद्धतीत चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात ठरवतात की ५, ९, १५ की २० व्होल्ट द्यायचे. त्यामुळे चुकीचा व्होल्ट जाण्याची भीती फारशी उरत नाही. पण बहुतेक लॅपटॉपना १५ किंवा २० हवे असतात, आणि मोबाइलच्या २५ वॅटच्या चार्जरवर २० व्होल्टचा पत्ताच नसतो. म्हणून काही लॅपटॉप त्याला सरळ नाकारतात. मोबाइलच्या चार्जरवरचे ८० वॅटही फसवे. ते त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीत आणि स्वतःच्या केबलनेच मिळतात, लॅपटॉपला त्यातलं बहुधा फार थोडं येतं किंवा काहीच येत नाही. लेबलवर २० व्होल्टपुढे किती अँपिअर आहेत ते वाचा, तोच तुमचा आकडा.

केबलही बघा. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंतच. त्यापुढे ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. १०० वॅटचा चार्जर घेऊन त्याला फोनची केबल लावणारे आमच्या ऑफिसात रोज भेटतात. दोन-तीन पोर्टच्या चार्जरचा आकडा सगळ्या पोर्टचा मिळून असतो. शेजारी फोन लावला की ६५ चे ४५ होतात.

विकत घ्यायचा झाला तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असेल, पण विचारताना लॅमिंग्टनच म्हणा. दादरहून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडा, ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडा, पुढे चालत. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. लॅपटॉप सोबत न्या, जुना चार्जर असेल तर तोही. नुसतं मॉडेल सांगितलंत तर "चलेगा, बिनधास्त लगाओ" ऐकायला मिळेल. त्यावर वाद न घालता तिथेच लावून दहा मिनिटं बसा, बॅटरीचा टक्का वाढतोय का बघा. डेल असेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) ॲडॅप्टर किती वॅटचा ओळखला गेलाय तेही दिसतं.

"ओरिजिनल" आणि "कंपॅटिबल" यांतला फरक भावात दिसतो. कंपॅटिबल घ्यायला हरकत नाही, पण त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतंय का ते दुकानातच तपासा. हातात घेतल्यावर अगदीच हलका वाटला तर परत ठेवा. व्होल्टचा खटका आणि आठ-दहा पिना असलेला युनिव्हर्सल चार्जर मी कुणालाच सुचवत नाही. चार जणांच्या खोलीत तो खटका कधी कोण सरकवेल याचा नेम नसतो.

खोलीतल्याच आणखी दोन गोष्टी. वायफायचा राउटर बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि जुन्या लॅपटॉपची गोल पिन त्यात कधीकधी बसते. साफसफाईत वायरी बदलल्या की राउटर जातो आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. सगळ्या चार्जरवर नावाची चिकटपट्टी लावून टाका. दुसरं, चार्जिंगला असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याचा वॅटशी संबंध नाही. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं पण अर्थिंग जोडलेलं नसतं, किंवा तुम्हीच तीन पिनांवर दोन पिनांचा कन्व्हर्टर चढवलेला असतो. कन्व्हर्टर काढा, मालकाला इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगा, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून काम करू नका.

पहिला पगार झाला की दुसरा चार्जर घ्या. तुमच्या लॅपटॉपचा पूर्ण वॅटचा जड चार्जर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहू द्या आणि टाइप-सी चालत असेल तर ४५ वॅटचा छोटा बॅगेत. साडेआठच्या लोकलमध्ये बॅग पोटाशी धरून उभं राहायचंय, तिथे पाव किलोचाही फरक पडतो. आणि रात्रभर लॅपटॉप बंद ठेवून भरायला ४५ पुरतात.