आधी खिसा रिकामा करा, मग पॅरी शिका

'हॉलो नाइट' या व्हिडिओ गेममध्ये स्लायच्या दुकानात एक कंदील १८०० जिओला, म्हणजे तिथल्या पैशांना, मिळतो. माझ्याकडे १६०० च्या वर जमले होते. 'हॉलो नाइट' खेळलेल्यांना पुढचं कळलंच असेल, तरी सांगते, कारण आठवलं की अजून पोटात कालवाकालव होते. फंगल वेस्ट्समध्ये, मँटिस नावाच्या लढाऊ किड्यांच्या गावाच्या तोंडाशी मी मेले. सगळा जिओ तिथे माझ्या सावलीपाशी राहिला (मेल्यावर तीच मागे उरते). मेल्यावर ज्या बाकावर पुन्हा जाग येते, तिथून उठले ती थेट धावत सुटले. वाटेतल्या किड्यांना टाळत, न थांबता, हेल्थ किती उरली आहे हे न बघता. सावली समोर दिसत होती आणि तेवढ्यात एका उडत्या मँटिसने हवेतच गाठलं. दुसऱ्यांदा मेल्यावर जुनी सावली नाहीशी होते, तिच्यासोबत पैसेही. तीन दिवस मी त्या खेळाचं नाव काढलं नाही.

पॅरी म्हणजे नेमक्या क्षणी बटण दाबून शत्रूचा वार परतवणं, चेकपॉइंट म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा; याहून जास्त मी इथे सांगत बसणार नाही. तुम्ही हे वाचताय म्हणजे दोन-चार बॉसनी, म्हणजे बड्या शत्रूंनी, तुम्हाला आधीच लोळवलेलं आहे. मला एकाच खड्ड्याबद्दल बोलायचंय. त्यात मी जवळजवळ दोन वर्षं पडून होते, आणि तो खड्डा आहे हेच मला कळलं नव्हतं.

आधी दंडाचे प्रकार थोडक्यात, कारण ते सगळे सारखे नसतात. २०१७ च्या 'हॉलो नाइट'मध्ये सगळे पैसे जातात, शिवाय सावली मारेपर्यंत सोल (तिथली शक्ती) साठवायचं भांडं तडकलेलं राहतं. मात्र परत जाऊन उचलता येतं. २०१९ च्या 'सेकिरो'मध्ये हातातले निम्मे सेन (तिथले पैसे) आणि पुढच्या स्किल पॉइंटसाठी जमवलेला निम्मा अनुभव कायमचा जातो; उचलायला मागे काही उरतच नाही. कधीमधी खेळाला दया येते आणि काहीच जात नाही, पण ती शक्यता फार तर ३० टक्के, आणि तुम्ही मरत राहिलात की ड्रॅगनरॉट नावाचा रोग पसरतो आणि तीही घटते. 'ब्लास्फेमस'मध्ये पैशांऐवजी पाप मागे राहतं आणि फर्व्हरची (जादूच्या शक्तीची) कमाल मर्यादा कापली जाते. 'मेट्रॉइड ड्रेड'मध्ये एम्मी या रोबोने पकडलं तर त्या विभागाच्या दाराबाहेर पुन्हा उभे राहता, बस्स. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन'मध्ये शेवटच्या झाडापाशी परत, खिसा शाबूत.

आता खड्डा.

'सेकिरो'त गेनिचिरो या बॉसपाशी मी अडकले होते. किल्ल्याच्या माथ्यावर तो सलग वार करत येतो आणि मी दर वेळी चौथ्या-पाचव्या वाराला कोलमडायचे. अंगावर साधारण २००० सेन होते. पहिल्या मरणाला १००० झाले, मग ५००, मग २५०, मग १२५. सहाव्या-सातव्या खेपेला खिशात चिल्लर उरली आणि स्किलचा पट्टाही जवळपास रिकामा झाला. त्याच सुमारास माझे पॅरी बसायला लागले. टण्, टण्, टण्. मला वाटलं, जमलं एकदाचं! रात्र झाली होती, समाधानाने बंद केलं.

दुसऱ्या दिवशी शहाणपणा केला. आधी खालच्या मजल्यांवर फिरून ३००० सेन जमवले, 'तयारीनिशी' वर गेले, आणि पुन्हा पहिल्यासारखीच मेले. त्याच चौथ्या वाराला.

वैतागून मी माझाच खेळ रेकॉर्ड केला, कोपऱ्यात बटणं दिसतील असा, आणि फ्रेम-फ्रेम सरकवत पाहिला. मला वाटत होतं मी उशिरा दाबते. मी लवकर दाबत होते. जवळपास प्रत्येक चुकलेल्या वेळी लवकर. खिसा रिकामा असतानाच्या रेकॉर्डिंगमध्ये तोच अंगठा थांबून दाबत होता.

हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळं इथेच आहे. समोर काहीतरी दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे हे झाले १२ ते १५ फ्रेम. अनेक खेळांत पॅरीची खिडकीच, म्हणजे तो बसतो तेवढा वेळच, याहून छोटी असते. तेव्हा तलवार अंगाशी आलेली पाहून कोणी पॅरी करत नाही, करूच शकत नाही. आपण वार कधी पोचेल याचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजावर दाबतो. तबलजी समेवर येतो तसं. सम दिसली म्हणून तो हात टाकत नाही. आणि गमावण्यासारखं काही खिशात असलं की हा अंदाज पुढे सरकतो. शत्रूने हात उचलला की आतून कोणीतरी ओरडतं, 'दाब, दाब, जाईल सगळं!' आणि आपण दाबतो. तोवर तलवार अजून खांद्यावरच असते.

बनवणाऱ्यांनाही हे पक्कं माहीत असतं. 'एल्डन रिंग'मधला मार्गिट हा बॉस आठवा, काठी वर उचलून नुसता थांबून राहतो. ते थांबणं घाबरलेल्या अंगठ्यासाठीच ठेवलेलं आहे. वर 'सेकिरो'त एक क्रूरपणा आणखी आहे: घाबरून बटण सटासट दाबत राहिलात तर पॅरीची खिडकी आणखी आक्रसत जाते. म्हणजे जितकी भीती, तितकी कमी जागा. हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर!

म्हणून माझा एकच हट्ट आहे: शिकायला जाताना खिसा रिकामा हवा. बॉसच्या दारात उभं राहण्याआधी दुकानात जा आणि उडवा. बाण घ्या, औषधं घ्या, नको असलेला नकाशाही घ्या. 'सेकिरो'त व्यापाऱ्यांकडे नाण्यांच्या थैल्या मिळतात. १०० सेनची थैली ११० ला पडते, पण मेलात तरी थैलीला हात लागत नाही. २०२५ च्या 'सिल्कसाँग'मध्ये मणी, म्हणजे तिथले पैसे, ओवून माळा करता येतात. ६० मण्यांच्या माळेला ८० मणी मोजावे लागतात. लोक म्हणतात ही लूट आहे. असेल. मला ते २० मणी अंगठ्याच्या शांतीचे वाटतात आणि मी ते कुरकुर न करता देते. 'हॉलो नाइट'मध्ये एक बँकही आहे. तिथे पैसे ठेवा असं मात्र मी सांगणार नाही, का ते खेळलात की कळेल.

आणि पैसे मागे पडलेच असतील, तर धावू नका. कृपा करून धावू नका. मी कंदिलाचे पैसे बॉसपाशी घालवले नाहीत, परतीच्या धावपळीत घालवले. पहिलं मरण फुकट असतं, दुसऱ्याचं बिल येतं. तेव्हा नेहमी जितकं सावकाश जाता त्याहून सावकाश जा. 'हॉलो नाइट'मध्ये जीजी नावाची एक बाई सडकं अंडं घेऊन तुमची सावली बोलावून देते. तिची खोली उघडायला एक साधी किल्ली लागते. मला जीजी तेव्हा माहीतही नव्हती.

खिसा रिकामा झाला की सराव. पहिली दहा मिनिटं हल्ला करायचाच नाही. खरंच नाही. फक्त उभं राहायचं, वार अडवायचे आणि मरायचं. 'सेकिरो'त पडक्या देवळाबाहेर हानबेइ आहे, त्याला मरण नाही आणि तो कंटाळतही नाही. मी त्याच्याकडे बरेच दिवस उगाच गेले नाही, कारण मला वाटायचं ते नवशिक्यांसाठी आहे. (मी नवशिकीच होते.) एका बैठकीत शत्रूचा एकच वार धरा. बाकीच्या वारांचा मार खाल्लात तरी चालेल. डोळ्यांपेक्षा कानावर भर द्या. बरेच वार आवाजाने आधी कळतात.

इथे एक व्यावहारिक गोष्ट, जी वाचून काहींचे आठवडे वाचतील. टीव्ही गेम मोडवर आहे का ते बघा. चित्र 'सुंदर' करण्याच्या नादात टीव्ही कित्येक मिलिसेकंद खातो आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसता. ब्लूटूथ हेडफोन तर पॅरी शिकताना काढूनच ठेवा, आवाज सहज १०० मिलिसेकंद किंवा जास्तही मागे पडू शकतो. मी वर कानावर भर द्या म्हटलं ते वायरच्या हेडफोनच्या भरवशावर.

दुसरी गोष्ट, खेळ बदलला की हात नव्याने शिकवावा लागतो. 'डार्क सोल्स'मध्ये ढाल झटकायला वेळ लागतो, पॅरी त्या हालचालीच्या मध्ये जागा होतो, म्हणून तिथे थोडं आधीच दाबावं लागतं. 'सेकिरो'त दाबलं की लगेच. 'हॉलो नाइट'मध्ये पॅरीचं वेगळं बटणच नाही, शत्रूच्या शस्त्रावर आपला नेल (तलवार) आपटला की झालं. २०२४ च्या 'नाइन सोल्स'मध्ये जरा चुकलेला पॅरीही वाया जात नाही. वार 'अंतर्गत' इजा म्हणून लागतो आणि सांभाळून खेळलात तर हळूहळू भरून येतो. माझ्या मते पॅरी शिकायला यापेक्षा चांगला गुरू नाही. खेळ अवघड आहे, पण थोडक्यात चुकलं आणि साफ चुकलं यातला फरक तो दाखवतो. बाकीचे बहुतेक खेळ दोन्हींना सारखंच बदडतात.

गुरूंवरून आठवलं. माझा एक मित्र ऑनलाइन माझा खेळ बघत 'आता!' म्हणून ओरडायचा. त्याचा हेतू चांगला होता, पण त्याच्यापर्यंत चित्र उशिरा पोचायचं, त्याचं ओरडणं माझ्यापर्यंत आणखी उशिरा, आणि मी शत्रूऐवजी त्याचा आवाज ऐकायला शिकले. शेजारी बसून 'आता' म्हणणाराही तितकाच घातक. बघणाऱ्याला एकच काम द्या: मेल्यावर सांग, मी लवकर दाबलं की उशिरा. 'खेळत राहा, येईल आपोआप' म्हणणाऱ्यांचा मला सर्वात जास्त राग येतो. आपोआप येत नाही. चुकीचा अंगठा शंभर वेळा दाबला तर तो चुकीचाच पक्का होतो, मी याचा जिवंत पुरावा आहे.

बॉसला कोपऱ्यात अडकवून मारायच्या युक्त्यांचे व्हिडिओ मिळतात. मी त्यातले दोन वापरले. पुढच्या बॉसने व्याजासकट वसूल केलं. याउलट सोपा मोड वापरायला मी अजिबात लाजत नाही. 'नाइन सोल्स'मध्ये कथेसाठीचा सोपा मोड आहे, 'लॉस्ट क्राउन'मध्ये पॅरी किती कडक असावा तेही आपल्याला ठरवता येतं. खिडकी रुंद करून शिका, मग अरुंद करा. पोहायला शिकणाऱ्याला कोणी खोल पाण्यात ढकलून देत नाही. यावरून कोणी हिणवलं तर त्याला हिणवू द्या.

आणि नाहीच जमला पॅरी, तर? 'हॉलो नाइट' एकदाही मुद्दाम पॅरी न करता संपवता येतो. 'एल्डन रिंग'ही. 'सेकिरो' मात्र जवळपास नाहीच: तिथे मागे पळालात की शत्रूचा पोश्चर, म्हणजे तोल, पुन्हा सावरतो आणि तुम्ही केलेलं सगळं पाण्यात. इतर खेळांत जी सवय वाचवते तीच तिथे मारते. 'सेकिरो' घेण्याआधी हे माहीत असावं, इतकंच.

कंदील मी शेवटी घेतला. १८०० जमले त्याच क्षणी खेळ थांबवला, नकाशा उघडला, सर्वात जवळचा बाक शोधला आणि चालत, एकेक किडा मारत, स्लायच्या गावाला, डर्टमाउथला गेले. वाटेत एक बॉसचं दार लागलं. गेले नाही आत.

सध्या 'नाइन सोल्स'मधल्या शेवटच्या बॉसपाशी आहे. आइगाँगचा तिसरा टप्पा मला अजून जमलेला नाही. काल रेकॉर्डिंग पाहिलं, तिच्या एका वाराला मी अजूनही पाच-सहा फ्रेम लवकर दाबते.